सुप्याची नवी वही

१२ मे १८७५. सुप्याच्या पेठेत आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी जमले होते. दुकानांपुढे गर्दी दाटली आणि मागणी एकच होती: खातेवह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा. हाती आलेल्या कागदांची रस्त्यातच होळी झाली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरंही पेटली. पण पुढे नेमलेल्या सरकारी आयोगाने एक गोष्ट मुद्दाम नोंदवली. जमावाचा सगळा रोख कागदांवर होता. जिथे सावकाराने रोखे मुकाट्याने हवाली केले, तिथे बहुतेक वेळा पुढे काही घडलं नाही, लोक परत गेले.

इतिहासात या उठावाला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. दोन महिन्यांत तो पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरला. त्याच्या मागे बरीच वर्षं साठलेलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता, उधारी मिळेनाशी झाली होती, आणि त्यातच सारा वाढला होता. १८३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली ती शेजारच्या इंदापुरात, आणि तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये वाढीव साऱ्याची फेरआकारणीही तिथूनच सुरू झाली. मोजणीचा कागद सरकारचा होता, कर्जाची वही सावकाराची. ज्याच्या घामावर दोन्हीचे आकडे वाढत होते त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तो अंगठा उठवायचा आणि घरी जायचा.

सुप्याचं भविष्य कसं असेल, असा विचार करताना हा दीडशे वर्षांपूर्वीचा प्रसंग आधी आठवावा असा आहे. शाश्वत जीवन, पर्यावरणपूरक गाव हे शब्द आता शासकीय फलकांवरही असतात. त्यांच्यासोबतच्या चित्रात हिरवी झाडं, पवनचक्की आणि छपरावरची सौर तावदानं दिसतात. सुप्यासारख्या गावात मात्र रोजचं जगणं टिकणार की नाही, हे ठरतं ते हिशेबावर. किती पाऊस पडला, किती मुरला, कोणी किती उपसला, कोणत्या रानात किती गवत उरलं. हा हिशेब कोण लिहितो आणि तो कोणाला वाचता येतो, इथे सगळी मेख आहे.

पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुल्याला वळून मोरगावची वाट धरली की मध्ये सुपे लागतं. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीतला हा परगणा. आज तालुका बारामती. पण बारामती म्हटल्यावर बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उसाचे फड आणि साखर कारखाने येतात, आणि ते चित्र तालुक्याच्या एकाच अंगाचं आहे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि त्याच्या पाण्याने बारामती-इंदापूरचा दक्षिणेकडचा पट्टा बागायत झाला. सुपे पडलं कालव्याच्या वर, उत्तरेला. स्थानिक बोलीत हा 'जिरायत भाग'. पाऊस वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. जनाई-शिरसाई उपसा योजनेचं आवर्तन सुटलं की ओढे भरतात, नाही सुटलं की माणसं आभाळाकडे आणि नंतर टँकरकडे बघतात.

आता थोडा हिशेब इथेच मांडून पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी. पाचशे मिलिमीटर म्हणजे पन्नास लाख लिटर. त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडतं आणि काही वाहून जातं, पण घटकाभर धरू की थेंबनथेंब अडवला. उसाला एका हेक्टरला दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे एक हेक्टर उसासाठी चार ते पाच हेक्टरांवरचा सगळा पाऊस हवा. आता घरातलं पाणी पाहा. जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटरचं प्रमाण ठरवलं आहे. चार हजार वस्तीच्या गावाला वर्षभरात त्या हिशेबाने आठ कोटी लिटर लागतात. हे पाणी चार हेक्टर उसाचं. गावातल्या सगळ्या चुली, न्हाण्या आणि पाण्याचे माठ एका बाजूला, आणि दहा एकरांचा फड दुसऱ्या बाजूला, तर तराजू सारखा राहतो!

हे आकडे कुणाला दोषी ठरवण्यासाठी नाहीत. ऊस हे हमखास पैसा देणारं पीक आहे, कारखाना तो उचलतो, आणि शेतकऱ्याला बाजाराच्या अनिश्चिततेत दुसरा असा आधार कुणी दिलेला नाही. मात्र केंद्राच्या कृषीमूल्य आयोगानेच एका अहवालात म्हटलं होतं की महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. याची चिंता नवीही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता होते. नीरा कालव्यासारख्या ठिकाणी पाणी मोजक्या बागाइतदारांच्या हाती एकवटतं, हे पाहून त्यांनी 'ब्लॉक' पद्धत आणली. प्रत्येक गावाचं पाणी ठरावीक तुकड्यांत बांधायचं, तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस आणि उरलेल्यात कमी पाण्याची पिकं. कालवा लांबवर पोचावा, जास्त गावांना त्याचा ओलावा मिळावा, हा हेतू होता. पुढच्या काळात ऊस ती चौकट ओलांडून गेला आणि कालव्याकाठच्या काही जमिनी अतिपाण्याने खारवटल्या.

सुप्याला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात मात्र वाटपाची याहून धीट कल्पना प्रत्यक्षात आली, आणि ती अभियांत्रिकीपेक्षा न्यायाची कल्पना होती. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक-अभियंता विलासराव साळुंखे या भागात फिरले. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या रांगा त्यांनी पाहिल्या. १९७४ मध्ये नायगावला देवस्थानची सोळा हेक्टर माळजमीन त्यांनी कराराने घेतली, पत्नी कल्पनाताईंसह तिथे मुक्काम टाकला, बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर खोदली. उजाड माळावर धान्य उभं राहिलं. एवढ्यावर थांबले असते तर ती एक चांगली प्रयोगशेती झाली असती.

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: हे पाणी कोणाचं? उत्तर म्हणून उभी राहिली पाणी पंचायत. नियम मोजके होते, पण प्रत्येक नियमाने जुन्या समजुतीला हात घातला. योजना एकट्याला मिळणार नाही, गट करूनच यायचं. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरात माणसं किती यावर मिळेल: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क सोबत विकता येणार नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस आणि तशीच बारमाही तहानेची पिकं बंद. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा गटाने आपल्या खिशातून भरायचा, म्हणजे योजना आपली वाटते. पाणी सोडायला गट आपला पाटकरी नेमायचा, कोणाची पाळी कधी हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

भूमिहीनाला पाण्यात वाटा, हे वाक्य आजही वाचताना थांबायला होतं. आपल्याकडे विहीर ज्याच्या रानात त्याचं पाणी, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की शेजाऱ्याची विहीर आपल्या बोअरने आटली तरी त्याला नशीब म्हणतात. जमिनीखालचा झरा बांधावर थांबत नाही. साळुंख्यांनी ही साधी गोष्ट नियमात आणली. २००२ मध्ये ते गेले. त्यांच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत. कुठे वीजबिल थकलं, कुठे गट फुटला, कुठे ऊस आला. तरीही या दुष्काळी टापूत भविष्याचं चित्र काढायचं तर पहिली रेघ नायगावच्या त्या माळावरून ओढावी लागते.

दुसरी रेघ अलीकडची आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची रीत घातली आणि शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं. पाऊस कमी असेल त्या वर्षी पिकांचा बेत बदलायचा, हे तिथे गावाने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या अटल भूजल योजनेने असाच ताळेबंद सात राज्यांतल्या पाणीटंचाईच्या भागांत नेला. पुणे जिल्ह्यात त्यात बारामती, इंदापूर आणि पुरंदर हे तालुके आले. ग्रामपंचायतीने पर्जन्यमापक वापरायचा, विहिरींची पातळी घ्यायची, जमा-खर्च लिहायचा आणि तुटीवर उपाय ठरवायचा, अशी ही पद्धत. जमेला पाऊस आणि कालव्याचं पाणी, खर्चाला माणसं, जनावरं आणि पिकं. कागदावर सोपं. खरी अडचण पुढे येते. भिंतीवर रंगवलेला ताळेबंद पाहून आपल्या रानातलं पीक कोणी बदलावं?

इथे २०५० सालच्या सुप्याची कल्पना करून पाहायला हरकत नाही. गणपती उठले की ग्रामसभा भरते. फळ्यावर तुटीचा आकडा आहे. कोणी म्हणतं, माझ्या विहिरीला पाणी आहे, मी घास करणार. गाव त्याला अडवत नाही, पण विचारतं: तुझ्या खालच्या वस्तीवरच्या दोन विहिरी जानेवारीत बसल्या तर त्यांच्या जनावरांना पाणी कोण देणार? मग वाद होतो, आवाज चढतो, आणि शेवटी कुणी पाऊण एकरावर येतो, कुणी ठिबक लावायचं कबूल करतो. शाळू आणि हरभरा करणाऱ्यांना त्यांच्या सोडलेल्या पाण्याबद्दल काही मोबदला मिळतो, कारण ते गावासाठी पाणी राखत असतात. सभेत बायका बोलतात. महाराष्ट्राने २०११ पासून पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या आहेत. २०५० मध्ये त्या जागांवर बसलेल्यांच्या मागून त्यांचे पती बोलत नसतील, इतकं तरी या कल्पनेत धरलं पाहिजे. घरात पाणी किती पुरतं हे हंडा-कळशी उचलणाऱ्यांनाच सगळ्यात अचूक माहीत असतं.

पाण्यानंतर गवत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांच्या थोडं वर, राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांपैकी एक. इथे घनदाट झाडी शोधायला गेलेला माणूस निराश होतो. उघडा माळ, कुसळीचं पिवळं गवत, मध्येच बोरीबाभळी आणि त्यांत मान उंचावून उभा चिंकारा. चिंकारा पाला आणि दव यांतल्या ओलाव्यावर बराच काळ पाण्याविना काढू शकतो. या मुलखाच्या टंचाईशी त्याच्याइतकं कोणीच जुळवून घेतलेलं नाही. सोबतीला लांडगा, कोल्हा, तरस आणि माळावरचे पक्षी.

असे माळ महसुली कागदात 'पड' म्हणून लागले. सारा न देणारी जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, हा इंग्रजी अमदानीचा हिशेब. तोच हिशेब पुढे चालू राहिला आणि माळांवर कधी गिरिपुष्पासारख्या परक्या झाडांची लागवड झाली, कधी कारखान्यांसाठी जागा गेली. गवताखाली मुरणारं पाणी, गवतावर जगणारी जनावरं, यांतलं काहीच त्या रकान्यात मावलं नाही. वही चुकीची असली की सगळं गावच चुकीचं दिसतं, याचं याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

माळाचा खरा हिशेब ठाऊक आहे तो धनगरांना. बारामती-इंदापुरातले मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला सांगतात. रात्रभरात लेंडी आणि मुताचं खत रानाला मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे. यात ट्रक लागत नाही, गोणी लागत नाही, कारखाना लागत नाही. खत स्वतः चालत येतं. लांडगा अधूनमधून एखादं कोकरू उचलतो. त्याची हळहळ असते, राग असतो, तरी पिढ्यानपिढ्या माळावर दोघंही राहिले. आता चराईच्या वाटा बंद होत आहेत, दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीला गिऱ्हाईक नाही आणि कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. भविष्यातल्या गावात धनगराची जागा कुठे आहे, हा प्रश्न शाश्वत जीवनावरच्या चर्चेत फार क्वचित येतो. तो पहिल्या पाचांत यायला हवा.

आशेची एक जागा इंदापूर तालुक्यात दिसते. कडबनवाडीच्या गवताळ माळावर वनखात्याने सफारी सुरू केली आहे, चिंकारे बघायला लोक येतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावच्या मच्छीमारांनी त्याच्या बरंच आधी रोहित पक्षी दाखवायला होड्या काढल्या. १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या धरणाने या लोकांची गावं आणि शेतं पाण्याखाली घेतली होती. पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर अजून वर येतं. त्याच पाण्यावर आता हिवाळ्याचे चार महिने काही घरांची चूल पेटते. उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणीही येऊन मिळतं, हे विसरून मात्र चालणार नाही. गावाने कितीही नेटकं राहायचं ठरवलं तरी वरच्या शहराची घाण त्याच्या दारात येते. टिकाऊ जगण्याची जबाबदारी फक्त गावावर टाकणं अन्यायाचं आहे, ते यामुळे.

विजेचं थोडक्यात. शेतीपंपाला रात्रीची वीज म्हणजे काय हे थंडीत दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला गेलेल्यालाच कळतं. उसाच्या भागात वर बिबट्याची भीती. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून पुढे आली. दिवसाची वीज हा माणसाच्या आयुष्यात फरक पाडणारा बदल आहे. पण तावदानांसाठी जागा शोधताना बोट पुन्हा गायरानावर आणि माळावर ठेवलं जातं, कारण कागदात ती 'पड' आहे. बाजाराच्या शेडवर, दूध संकलन केंद्रावर, शाळेच्या छपरावर जेवढी मावतील तेवढी आधी लावावीत आणि मगच गवताकडे वळावं.

राहता राहिला बाजार, आणि सुपे मुळात बाजाराचं गाव. बारामती बाजार समितीचा उपबाजार इथे आहे आणि हंगामात चिंचेचे लिलाव होतात. चिंचेचं झाड बांधावर उभं असतं, त्याला कोणी पाणी घालत नाही, पिढ्यांमागून पिढ्या ते फळतं. चिंच फोडण्याचं, चिंचोके काढण्याचं काम बायकांच्या हातून होतं. मालदांडी ज्वारीही अशीच. जमिनीतल्या ओलीवर येते, कणसाची भाकरी होते आणि ताटाचा कडबा होऊन गोठ्यात जातो. शहरांत भाकरी आता पुन्हा ताटात आली आहे. ती पिकवणाऱ्याला उसाइतका भरवसा मिळाला तर सुप्याच्या रानात शाळू टिकेल. शाळेच्या पोषण आहारात, वसतिगृहांच्या खानावळीत, आसपासच्या गावांतली ज्वारी-बाजरी आणि मटकी-हुलगा घेण्याची पक्की सोय असेल तर हा भरवसा दूरचा नाही. त्यासाठी नवा शोध लागत नाही, खरेदीची लेखी हमी लागते.

आणि लेखी म्हटलं की पुन्हा ती वही. दंग्यांनंतर आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात एक तरतूद ग्रामनिबंधकाची होती. शेतकऱ्याचा कर्जरोखा त्याच्यासमोर लिहिला जावा, म्हणजे अंगठा उठवणाऱ्याला आपण कशावर उठवतो ते कळावं. कायद्याने कर्ज संपलं नाही, सावकारीही संपली नाही. पण कागद दुसऱ्याच्या पेटीतून थोडा उजेडात आला. आज सुप्याच्या शिवारात विहिरीची पातळी मोजली जाते, ओढ्यावरचे बंधारे नकाशावर चढतात, उपग्रहातून पिकांचे फोटो निघतात. बारामतीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने उसाला पाणी कधी द्यायचं याचे प्रयोगही चालू आहेत. माहितीचा तुटवडा उरलेला नाही. ती कुठल्या तरी दूरच्या संगणकात जमते, तिथून गावात परत येते का, आणि आली तर मराठीत, वेळेवर आणि सगळ्यांसमोर येते का, हे पाहायला हवं.

वेळ तर अगदी नेमकी सांगता येते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. शाळूची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते. ऑक्टोबरचा आकडा हाती येईपर्यंत पाभर रानातून फिरून गेलेली असते, घासाचं बी पडलेलं असतं, उसाची कांडी सरीत गेलेली असते. म्हणून सुप्याच्या गावकऱ्यांना आपल्या विहिरींची दोरी स्वतःच सोडावी लागेल, गणपती उठायच्या आठवडाभर आधी.